‘राग अनावर झाला’ म्हणजे नक्की काय झालं?

प्रश्न असा आहे: ‘रोड रेज’ला मराठीत काय म्हणावं, ‘मार्गक्रोध’ चालेल का, आणि ‘राग अनावर झाल्याने चालकाने मारहाण केली’ हे बातम्यांतलं वाक्य बरोबर आहे का?

‘मार्गक्रोध’ नको. दोन संस्कृत शब्द जोडले की मराठी शब्द तयार होतो, हा समज आता सोडायला हवा. ‘रोड रेज’ इंग्रजीतही जुना नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत वापरात आला. तो तसाच देवनागरीत लिहा, नाहीतर प्रसंगाप्रमाणे ‘रस्त्यावरची हमरीतुमरी’ किंवा ‘गाडी चालवताना डोकं फिरणं’ म्हणा. वाचणाऱ्याला लगेच कळतं.

खरी चीड आणतो तो ‘अनावर’. एकाने गाडी आडवी घातली, दुसरा जॅक घेऊन उतरला, समोरची काच फुटली. आणि बातमीत लिहिलेलं असतं, ‘राग अनावर झाला’. पाऊस आला, वीज गेली, तसा राग अनावर झाला. वाक्यातून माणूसच गायब. कोशही याला हातभार लावतात, कारण ते ‘आवरता न येणारा’ एवढाच अर्थ देऊन पुढे जातात. पण समास सोडवून बघा: ‘नाही आवर ज्याला तो अनावर’. आवर नाही, म्हणजे कुणी घातलेला नाही. घालता येतच नाही, हे त्या शब्दात कुठेच नाही. ते आपण मागाहून चिकटवलं. ‘येत नाही’ म्हणायचं असेल तर त्याच घराण्यातला ‘दुर्निवार’ आहे.

घराणं ‘वृ’ धातूचं. हा ‘वर’, ‘स्वयंवर’ यांतला निवडण्याचा वृ नव्हे. झाकणं, अडवणं, थोपवणं या अर्थाचा. त्याला ‘आ’ लागून आवरण आणि आपलं आवरणं; ‘नि’ लागून निवारण; प्रयोजकात वारयति, म्हणजे थोपवतो. पुतळ्याचं अनावरण होतं तेही इथलंच. हत्तीला ‘वारण’ म्हणतात, तेही परतवून लावणारा म्हणून.

आता जे सांगायचं आहे ते. धम्मपद या पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथात, क्रोधावरच्या ‘कोधवग्ग’ या प्रकरणात २२२वी गाथा आहे: उसळलेला क्रोध जो भरकटलेल्या रथासारखा थोपवतो त्यालाच मी सारथी म्हणतो, बाकीचे नुसते ‘रस्मिग्गाह’, दोरी धरणारे. रस्मि म्हणजे संस्कृतातला रश्मि, लगामाची दोरी. किरण हा अर्थही त्याच शब्दाचा. यातलं ‘थोपवतो’ हे क्रियापद सिंहली आणि थाई पाठांत, तसंच पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत ‘धारये’ आहे, तर ब्रह्मदेशातल्या छट्ठ संगायनाच्या, म्हणजे सहाव्या बौद्ध धर्मसभेच्या, आवृत्तीत ‘वारये’. म्हणजे आपलाच वृ! ‘धारये’ जास्त ठिकाणी सापडतो म्हणून तोच खरा, हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. पुढच्याच ओळीत नुसती दोरी ‘धरणाऱ्याला’ खालचा मान दिलेला असताना आधीच्या ओळीतला खरा सारथीही ‘धरतो’ म्हटलं, तर दोघांतला फरक बोथट होतो. ‘वारये’ने तो लख्ख दिसतो. महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्य देवयानीला जवळजवळ हेच सांगतात. तिथे क्रियापद ‘निगृह्णाति’ आहे, आणि जो खरा सारथी नाही त्याच्यासाठी शब्द आहेत ‘रश्मिषु लम्बते’: लगामांना लोंबकळतो.

चिडलेल्या चालकाचे हात बघा, हे ‘लोंबकळणं’ शब्दशः दिसेल. बोटं स्टिअरिंगवर आवळलेली, कोपर ताठ, खांदे कानाशी, दात एकमेकांवर दाबलेले. ताठ हाताने स्टिअरिंग बारीक फिरत नाही, झटक्याने फिरतं, आणि गाडी लेनमध्ये डुलायला लागते. नजर पुढच्या एकाच गाडीवर खिळते, आरसे बघायचे राहून जातात. राग आल्याचं मनाला कळायच्या आधी कित्येकदा हातांना कळलेलं असतं, म्हणून आवरायची सुरुवातही हातांपासून करावी. पकड न सोडता बोटं एकेक करून सैल करायची, खांदे खाली आणायचे, श्वास आत घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडायचा, असं चार-पाच वेळा. त्याच वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका करून पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर पडू द्यायचं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणायचं; तुमची गाडी त्याआधी खांबाशी पोचली तर अंतर कमी आहे. ताशी ६० किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे सुमारे ३३ मीटर. पावसात चार सेकंद. एवढी जागा असताना कुणी मध्ये घुसला तर नुसता पाय उचलून भागतं. १० मीटर असतील तर करकचून ब्रेक, छातीत धस्स, आणि लगेच शिवी. रस्त्यावरचा बराचसा राग हा असा आधी दचकण्यातून येतो.

मराठीत ‘आवर’ म्हणजे ‘लवकर कर’ असाही अर्थ आहे, आणि याही ‘आवर’चा रागाशी थेट संबंध आहे. २० किलोमीटरचं अंतर सरासरी ५०ने २४ मिनिटांत कापलं जातं, ६०ने २० मिनिटांत. जीव टाकून वाचली ती चार मिनिटं. निघतानाच दहा मिनिटं उशीर झाला असेल तर तो भरून काढायला सरासरी ८६ लागेल, आणि ती न मिळाल्याचा राग प्रत्येक सिग्नलवर, प्रत्येक सावकाश जाणाऱ्यावर निघेल. तेव्हा घरातून निघायचंच लवकर आवरावं. सीट, आरसे, फोनवरचा रस्ता, सगळं गाडी जागेवर उभी असताना लावून घ्यावं. भूक, अपुरी झोप आणि तापलेली गाडी हेही राग वाढवतात.

एक व्याकरणाची गोष्ट राहिली. ‘आवर घालणे’ला कर्म ‘ला’ प्रत्ययाने येतं: ‘रागाला आवर घाल’. हे कर्म बदललं की घोटाळा होतो. चिडलेल्या चालकाला ‘त्याला’ आवर घालायचा असतो: मागून चिकटलेल्याला धडा म्हणून अचानक ब्रेक मारणं, ओव्हरटेक करणाऱ्याला वाट न देणं, लांबलचक हॉर्न. हॉर्न इशाऱ्यापुरता, एकदा, छोटा. मागचा फारच अंगावर येत असेल तर इंडिकेटर देऊन कडेच्या लेनमध्ये व्हावं आणि वेग हळूहळू कमी करून त्याला पुढे जाऊ द्यावं. तो शेजारी येऊन हातवारे करायला लागला तर नजर रस्त्यावर, काचा वर, दारं लॉक. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं दिसतील इतकी जागा ठेवावी, म्हणजे बाजूने निघता येतं. पाठलाग होतोय असं वाटलं तर घरी जाऊ नये, गाडी सरळ पोलीस ठाण्याच्या दाराशी न्यावी आणि तिथेही लगेच खाली उतरू नये.