त्याच दिवशी लिही

प्रिय खजिनदार,

आपल्या सामूहिक बागेच्या रोख पेटीत वहीपेक्षा 1,140 रुपये जास्त निघाले, म्हणजे बागेचा फायदाच झाला ना, असं तू विचारलंयस. नाही गं. जास्त निघाले याचा अर्थ बहुधा कुणाची तरी पावती फाडलीच गेली नाही. उद्या तो सभासद म्हणेल, "मी पैसे दिले होते." तेव्हा तुझ्याकडे उत्तर नसेल आणि त्याच्याकडे कागद नसेल. आणि "मार्चनंतर सीए बघतीलच" हे तर परत लिहू नकोस. सीए हिशेब तपासतात, लिहायचा तुलाच आहे. तोही त्याच दिवशी.

वहीतला दुसरा घोळही सांगतो. रविवारी सभासदांकडून वाफ्याच्या शुल्काचे 2,400 रोख आले, त्यातलेच 600 सुतळी आणि बांबूला दिले आणि वहीत 1,800 जमा लिहिले. बेरीज जुळते, म्हणून कुणाला खटकत नाही. पण 600 ची जमाही गेली आणि 600 चा खर्चही गेला. असं चार रविवार झालं, की वहीतला आकडा ना पावत्यांशी जुळतो, ना बिलांशी. आलेली रोकड जशीच्या तशी दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची, त्यातून एक रुपयाही खर्चायचा नाही. किरकोळ खर्चासाठी 3,000 रुपयांची वेगळी पेटी ठेव, आणि समितीच्या ठरावाने ठेव. त्या पेटीत कुठल्याही क्षणी रोख आणि व्हाउचर, म्हणजे खर्चाच्या सही केलेल्या चिठ्ठ्या, मिळून 3,000 च भरले पाहिजेत. संपत आली की व्हाउचरांच्या बेरजेएवढाच चेक काढून ती पुन्हा भरायची. शनिवारी तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी मोजायची आणि वहीत सही करायची.

व्हाउचरवर तारीख, कुणाला, कशासाठी, किती, मंजुरी कुणाची, पैसे घेणाऱ्याची सही एवढं हवंच. टेम्पोवाल्याकडे किंवा हमालाकडे बिल नसतं, तेव्हा व्हाउचरच बिल. रक्कम 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख द्यायचेच नाहीत. प्राप्तिकरात तो खर्च संस्थेच्या कामासाठी झाला असं धरलं जात नाही. माळ्याचा पगार बँकेतूनच, हजेरीपटाला जोडून. पावती चुकली तर फाडून टाकू नकोस, दोन्ही प्रतींवर "रद्द" लिहून पुस्तकातच ठेव. मधला एक नंबर गायब झाला की अख्खं पुस्तक संशयात येतं.

यूपीआयचे पैसे समितीतल्या एकाच्या खासगी नंबरवर घेता, ते आजपासून बंद. संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड लॅमिनेट करून फाटकाशी लाव आणि शेऱ्यात वाफा क्रमांक लिहायला सांग. बँकेच्या पानावर नुसतं नाव उमटतं. नवऱ्याच्या फोनवरून बायकोचं शुल्क आलं की महिन्याभराने ते कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. त्याच दिवशी लिहिलं तर विचारावं लागत नाही.

या बाबतीत मला हेकट म्हणतात. म्हणोत. मातीच्या हातांनी दहा मिनिटं थांबून सही करायला लोकांना जिवावर येतं हे मला कळतं. पण तोंडी हिशेबापायी चांगली, प्रामाणिक माणसं संशयात सापडून कामातून निघून गेली, याची खंत मला अजून आहे. त्यांनी एक पैसा घेतला नव्हता, पण ते दाखवणारा कागद नव्हता. दहा मिनिटांसाठी मी कुणाचीही नाराजी पत्करेन.

आता ताळेबंद. चाळीस वाफ्यांचं प्रत्येकी 500 प्रमाणे डिपॉझिट म्हणजे 20,000 रुपये, हे तू उत्पन्नात धरलंयस. ते परत द्यायचं आहे, म्हणून ते देणं. पुढच्या वर्षाचं शुल्क फेब्रुवारीत आलं तर 31 मार्चला तेही आगाऊ जमा, म्हणजे देणंच. तरी ते फेब्रुवारीत घ्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण बागेचा मोठा खर्च वर्षाच्या तोंडावरच येतो: एप्रिल-मेमध्ये टँकर, पावसाआधी खत, रोपं, शेडनेटची दुरुस्ती. जूनमध्ये शुल्क गोळा करणारी बाग मेमध्ये उसनवारीवर जगते. ठिबकचा पंप, फिल्टर, कुदळी, घमेली डेडस्टॉकमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, चढव. बी-बियाणं आणि खताची साठा वही वेगळी.

अंदाजपत्रक "गेल्या वर्षीपेक्षा दहा टक्के जास्त" असं करू नकोस. बागेतूनच काढ. 10 बाय 4 फुटांचा वाफा म्हणजे 3.7 चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरलं तर साडेअठरा लिटर, चाळीस वाफ्यांना 740 लिटर. 10,000 लिटरचा टँकर तेरा दिवस पुरतो. पाणी त्याहून लवकर संपलं तर कुठेतरी लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, फुटलेली आहे किंवा कुणीतरी नळी उघडी टाकून जातंय. म्हणजे टँकरची तारीखही त्याच दिवशी लिहायची! खताचा एक इंच थर द्यायचा तर वाफ्याला 3.3 घनफूट, साधारण 50 किलो, सगळ्या बागेला दोन टन. यावर दर लावलास की आकडा तुझा झाला, सभेत कुणी हलवू शकणार नाही.

देणग्यांत दोन गोष्टी फार चुकतात. कुणी वीस पोती शेणखत दिलं तर त्याचे आभार मान, साठा वहीत नोंद कर, पण देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, लोक जिला 80जीची म्हणतात ती पावती देऊ नकोस. वस्तूंना ती सवलत नाही, आणि 2,000 च्या वरच्या रोख देणगीलाही नाही. दुसरं, परदेशातून येणारा पैसा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी चालते. पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मावशीची चालत नाही, तिच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड, असलं तरी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, जी आपल्याकडे नाही. लाजू नकोस, पासपोर्ट कुठला ते आधी विचार आणि पावतीच्या प्रतीवर लिहून ठेव. देणगीदारांचं विवरणपत्र, ज्याला सगळे 10बीडी म्हणतात, प्राप्तिकर खात्याकडे 31 मेपर्यंत जायला हवं. उशिराला दिवसाला 200 रुपये. त्यात प्रत्येकाचा पॅन आणि पत्ता लागतो. तो देणगी घेताना त्याच दिवशी लिहिला नाहीस, तर मेमध्ये घरोघर फोन करत बसशील.

एखाद्या कंपनीने ठिबकसाठी पैसे दिले तर ते ठिबकलाच. टँकरसाठी "तात्पुरते" उचलायचे नाहीत, समितीतलं कितीही मोठं माणूस सांगो. ताळेबंदात ते वेगळ्या निधीत दिसले पाहिजेत. भूखंड महापालिकेचा आहे, परवानगीची मुदत कधी संपते ते पत्र काढून बघ आणि त्या तारखेच्या पलीकडे फेडायचा कुठलाही खर्च मंजूर होऊ देऊ नकोस. कर्जाचा तर विषयच नको.

तू मनापासून करतेयस हे मला दिसतं, म्हणूनच इतकं लिहिलं. येत्या रविवारी रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावती पुस्तकं आणि बँकेचं एप्रिलपासूनचं स्टेटमेंट घेऊन ये. ते 1,140 कुणाचे ते शोधू. सापडले नाहीत तर "अनामत, तपशील प्रलंबित" अशी नोंद करून समितीपुढे ठेवू, खर्चायचे नाहीत. आणि येण्याआधी एक काम: समितीची निवड ज्या सभेत झाली तिचं इतिवृत्त काढ. आपली संस्था सार्वजनिक न्यास आहे आणि समितीतली माणसं तिचे विश्वस्त; विश्वस्त बदलल्याचा अर्ज धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्यावा लागतो. तो कुणी भरला का, हे मी दोघांना विचारलं, दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. सभेची तारीख बघून दिवस मोज आणि मला आजच कळव.