कडब्याच्या गंजीतली आजारी पिल्लं: आधी ऊब, मग पाणी, मग दूध

तुमच्या लिहिण्यावरून समजलं ते असं: कराडजवळ वस्तीवर गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीत मांजराची चार पिल्लं सापडलीत, साधारण महिन्याची. तिघांचे डोळे चिकटलेत, शिंका आहेत. चौथ्याला जुलाब लागलेत, एकदा उलटी झालीय आणि ते पडून आहे. आई दोन दिवस दिसलेली नाही, घरात एक पाळलेलं मांजर आहे. उचलावीत की वाट बघावी?

उचला, आजच. पिल्लं धडधाकट असती तर थांबा म्हटलं असतं. तेव्हा भोवती पिठाचं रिंगण घालायचं आणि काही तासांनी त्यात मांजरीची पावलं उमटलीत का ते बघायचं. पण आजारी पिल्लांना या थंडीत तेवढी कळ काढता येत नाही. माणसाचा वास लागला म्हणून मांजरी पिल्लं टाकते हे खरं नाही, त्यामुळे ती भीती नको. गंजीपाशी तिच्यासाठी खाणं ठेवत राहा. आली तर पिल्लांसोबतच ठेवता येईल.

घरात आणलं की पहिला हात दुधाच्या वाटीकडे जातो. तो थांबवा. अंग गार असताना पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध पोटात नासतं किंवा उलटून फुफ्फुसात जातं. थर्मामीटरला थोडं तेल लावून गुदद्वारात हलकेच धरा. 100.5 ते 102.5 फॅरनहाइट ठीक, 99 च्या खाली असेल तर दूध नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरकू शकेल. तासाभरात हळूहळू ऊब यावी, शेगडीपुढे धरू नका. अगदी मलूल असेल तर साखरेच्या पाण्याचे दोन थेंब हिरडीला चोळा.

ऊब आली की ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, कोमट करा आणि बिनसुईच्या सिरिंजनं दर दहा-पंधरा मिनिटांनी 1 मिली, गालाच्या कडेनं. पिल्लू पोटावर बसलेलं हवं, बाळासारखं उताणं धरलं तर ठसका लागतो. गिळत नसेल तर तोंडानं काहीच देऊ नका. ते काम डॉक्टरांचं, कातडीखाली सलाईन देऊन.

गोठ्यात दूध भरपूर असेल, तरी ते नको. गाईच्या दुधातली साखर पिल्लांना पचत नाही, जुलाब वाढतात. मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा. 300 ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साधारण 60 ते 75 मिली, पाच-सहा वेळांत विभागून. चावायला लागली असतील तर त्यांचं मऊ खाणं किंवा उकडून कुस्करलेलं चिकन द्या, मीठ, कांदा, लसूण न घालता. कोमट करून द्या, कारण नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. सर्दीत पिल्लं दगावतात त्यातली बरीच या उपासानं.

डोळ्यांची घाई करू नका, पण टाळूही नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून मिटलेल्या डोळ्यावर मिनिट-दोन मिनिटं नुसता धरून ठेवा. पिवळी खपली मऊ होऊन सुटू लागते. मग नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर पुसा. कोरडी खपली ओढली तर पापणी सोलते. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. पापणीमागे फुगवटा दिसला तर पू साठलाय, त्याच दिवशी दवाखाना गाठा, नाहीतर डोळा जातो. घरातले उरलेले ड्रॉप्स घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळा फुटू शकतो.

अंगावर पिसवा असतील तर गोठ्यातलं गोचिडाचं औषध अजिबात वापरू नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही औषधं गुरांना चालतात, मांजराला झटके येतात. पिल्लू पुरतं गरम झाल्यावर बारीक दातांच्या फणीनं पिसवा काढा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. तापाला पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळी मोठ्या मांजरालाही मारते. फिनेलनं फरशी पुसणंही बंद.

चौथ्याची काळजी वेगळी आहे. उलटी, जुलाब आणि निपचित पडणं एकत्र दिसलं की पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो हा झपाट्यानं पसरणारा विषाणूचा आजार, असं धरूनच चालायचं. त्याला आत्ता वेगळ्या खोक्यात ठेवा, हाताळणी सगळ्यांत शेवटी करा. दवाखान्यात विष्ठेची झटपट चाचणी होते का ते विचारा. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो. फरशी आधी धुऊन घ्या, मग लिटरभर पाण्यात 30 मिली साधं ब्लीच घालून दहा मिनिटं ओली ठेवा, पुन्हा धुवा. घरच्या मांजराची लस झालेली नसेल तर निदान दोन आठवडे एकाच खोलीत येऊ देऊ नका. भांडी, टॉवेल, चपलासुद्धा वेगळ्या.

बाकी तिघांपैकी कोणाच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, कोणी तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, दोन वेळा खाणं चुकवलं, तर त्यालाही लगेच न्या. नाहीतर त्या तिघांना उद्या सकाळी नेलं तरी चालेल. आधी किचनच्या काट्यावर प्रत्येकाचं वजन करून लिहून ठेवा, औषधाचा डोस त्यावरच ठरतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचा राबता जास्त, म्हणून फोनवर आधीच सांगा: मांजराचं पिल्लू, इतके ग्रॅम, ताप इतका, उलटी कधीपासून. खाजगी डॉक्टर मिळाले नाहीत तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. चौथ्याबद्दल डॉक्टर म्हणाले की आता त्याचे हालच होतील, तर शांतपणे झोपवायला हो म्हणणं ही हेळसांड नाही.

हाताळताना कोणी चावलं किंवा ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखान्यात जा.

आणखी एक, सध्या ऊसतोड चालू आहे म्हणून. फडात सापडलेलं ठिपक्यांचं, पट्ट्यांचं पिल्लू वाघाटीचं (छोट्या रानमांजराचं) किंवा बिबट्याचं असू शकतं. ते घरी आणायचं नाही, जागेवरून हलवायचंही नाही, 1926 वर वनविभागाला फोन करायचा. तुमची गंजीतली आहेत आणि आई गावातलीच, त्यामुळे ती शंका नाही, पण अंगावरचे पट्टे एकदा उजेडात नीट बघून घ्या.