जावा फुकटचं, पण कुणाचं घ्यावं?

प्रश्न: दादा, मी इंदूरला सुदामानगरात राहतो. एम. टी. क्लॉथ मार्केटमधल्या तीन-चार कापड व्यापाऱ्यांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत करून दिलंय. आता त्यातल्या एकाच्या सीएनं त्याच्या डोक्यात भरवलंय की जावाला पैसे लागतात. नेटवर बघायला गेलो तर टेमुरिन, कोरेटो, झुलू, लिबेरिका अशी जावाचीच नाना नावं, डोकंच फिरलं. यातलं खरं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेलं, कुठलं? आणि ते वापरलं तर माझा कोडपण लोकांना द्यावा लागेल का?

उत्तर: सीए भियाचं अर्धं बरोबर आहे. जावा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचं होतं, सननं २००६ मध्ये ते ओपन सोर्स करायचं जाहीर केलं, त्यातून ओपनजेडीके, म्हणजे जावाचा उघडा कोड, झालं, आणि २०१० मध्ये सन ओरॅकलनं घेतली. कोड तेव्हापासून उघडाच आहे. पैशाचा प्रश्न येतो तो ओरॅकलच्या स्वतःच्या डाउनलोडला, म्हणजे ओरॅकल जेडीकेला (जेडीके म्हणजे जावात प्रोग्राम करायचा आणि चालवायचा संच), आणि त्याचं लायसन इतक्या वेळा बदललंय की भलेभले गोंधळतात. जावा व्हर्जन ८ चे एप्रिल २०१९ पासूनचे अपडेट धंद्यात वापरायचे तर सबस्क्रिप्शन लागतं. व्हर्जन १७ पासून परत फुकट केलं, पण पुढची एलटीएस (वर्षानुवर्षं अपडेट मिळणारं व्हर्जन) आली की त्यानंतर एक वर्षच, त्यामुळे १७ ची मुदत सप्टेंबर २०२४ लाच संपली. आणि २०२३ पासून हिशोब कसा, तर कंपनीत माणसं किती त्यावर. तुझ्या व्यापाऱ्याकडे बावीस माणसं आणि कॉम्प्युटरवर बसणारे दोन, तरी मोजायचे बावीस, पगारावरचा गठ्ठे उचलणारा हमालसुद्धा त्यात आला. सीए घाबरला यात नवल नाही.

आता तू लिहिलेली ती चार नावं. ती सगळी एकाच ओपनजेडीकेच्या कोडमधून बनतात, आपल्याकडच्या शेवेसारखं समज, बेसन तेच, लवंग घातली की लसूण एवढाच फरक. टेमुरिन एक्लिप्स फाउंडेशनच्या अॅडॉप्टियम प्रोजेक्टचं, कोरेटो अॅमेझॉनचं, झुलू अझुलचं, लिबेरिका बेलसॉफ्टचं. मायक्रोसॉफ्टचंपण एक आहे. सगळ्यांचं लायसन जीपीएल व्हर्जन २, म्हणजे यात बदल करून वाटलं तर कोडही उघडा द्यायचा असं ओपन सोर्स लायसन, आणि त्याला क्लासपाथ एक्सेप्शन म्हणून एक सवलत जोडलेली आहे, ती तुझ्या कामाची: तुझा प्रोग्राम या जावावर चालतो म्हणून तुझा कोड उघडा करावा लागत नाही. बिलिंगचा कोड तुझाच, निवांत झोप.

मला विचारशील तर टेमुरिन घे. एका कंपनीच्या मर्जीवर नाही, विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर मिळतं, आणि नुसतं चालवायला जेआरईपण वेगळं मिळतं, ओरॅकलनं ते ११ पासून देणं बंद केलंय. तुझा स्क्रीन जावाएफएक्समध्ये (खिडक्या-बटणं करायची जावाची लायब्ररी) असेल तर मात्र थांब, जावाएफएक्स ११ पासून जेडीकेच्या बाहेर गेलंय, अशा वेळी लिबेरिकाचं फुल पॅकेज किंवा झुलूचं एफएक्सवालं घे, त्यात आत बसवलेलं येतं. सर्व्हर अॅमेझॉनवर असला तर कोरेटो, झालं. यात आठवडा घालवण्यासारखं काही नाही.

डोकं चालवायचं ते व्हर्जन निवडताना. एलटीएसच घे, म्हणजे १७, २१ किंवा सप्टेंबर २०२५ ला आलेलं २५. मधली व्हर्जनं सहा महिन्यांत जुनी होतात. आणि तू पार्ट्यांची नावं देवनागरीत घेत असशील तर २१ च्या खाली राहू नकोस. कारण सांगतो. १७ पर्यंत विंडोजवर जावा फाइल लिहिताना विंडोजचं जे एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) असेल तेच धरायचं, त्यामुळे कोडमध्ये यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिपी सांभाळणारं एन्कोडिंग, सांगायला विसरलास की "जोशी ब्रदर्स"च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. १८ पासून यूटीएफ-८ च डिफॉल्ट झालंय. फक्त जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव झालेल्या फाइली असतील तर त्या आधी बदलून घे, नाहीतर उलटा घोळ होईल.

अजून एक, हे मी स्वतः खाल्लंय म्हणून सांगतो. एका संस्थेच्या वाचनालयाची मेंबर कार्डं पीडीएफमध्ये काढायचा प्रोग्राम विंडोजवरून लिनक्स सर्व्हरवर नेला, जागा वाचवायची म्हणून जावाचं हेडलेस, म्हणजे स्क्रीनचा भाग नसलेलं, पॅकेज टाकलं, आणि पहिल्याच कार्डाला नल पॉइंटर एरर. रात्री दोनपर्यंत स्वतःचा कोड चाळत बसलो, जावा कंपनी बदलून बघितली, शेवटी कळलं की सर्व्हरवर फॉन्टच नाहीत, एकपण नाही. फॉन्टकॉन्फिग (फॉन्ट शोधून देणारा प्रोग्राम) आणि नोटो देवनागरी फॉन्ट टाकला, कार्डं निघाली. बायको म्हणाली एवढं ओरडत होतास ते फॉन्टसाठी?

दुकानातल्या मशीनवर आधी जुनं ओरॅकलवालं काढ, कंट्रोल पॅनलमध्ये दोन-दोन, तीन-तीन व्हर्जनं पडलेली असतात. टेमुरिन टाकताना जावा होम (जावा कुठं आहे ते इतर प्रोग्रामना सांगणारी सेटिंग) सेट करायचा ऑप्शन येतो तो चालू कर, मग कमांड प्रॉम्प्टवर java -version टाइप करून बघ, टेमुरिन असं नाव दिसलं पाहिजे, तो स्क्रीन मोबाइलवर फोटो काढून सीएला पाठव. अपडेट वर्षातून चार वेळा येतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. ऑक्टोबरचा नेमका दिवाळीच्या गिऱ्हाइकीत येतो, तेव्हा दुपारी बाराला टाकायला जाऊ नकोस, शेटजी दुकानाबाहेर काढतील.

प्रश्न: नमस्कार, मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. लॅबमधले काही पीसी ३२ बिट विंडोजचे आहेत, नवीन मशीनचा प्रस्ताव वर अडकलाय. त्यावर जावा २५ बसेल का? — लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर: नाही बसणार ताई. विंडोजचं ३२ बिट २४ पासून जावातून काढूनच टाकलंय. त्या पीसींवर टेमुरिनचं ८ टाका, ३२ बिटचं मिळतं, लूप, क्लास, इनहेरिटन्स शिकवायला भरपूर झालं. रेकॉर्ड आणि नवीन स्विच ८ मध्ये नाहीत, ते शिकवायचा दिवस असेल तेव्हा ६४ बिटच्या मशीनवर दोन-दोन पोरं बसवा, तसंही एक टाइप करतो आणि दुसरा चुका काढतो.