कांपो औषधं घेताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: तोक्योत आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीच कांपोच्या, म्हणजे जपानी पारंपरिक वनौषधींच्या, पुड्या दिल्या. त्यांना हा अधिकार असतो का?

असतो. आपल्या बीएएमएससारखी वेगळी पदवी तिथे नाही. परवानाधारक डॉक्टरच कांपो लिहून देतात. १९७६ पासून या औषधांना आरोग्य विम्यात मोठ्या प्रमाणावर जागा मिळाली आणि आज १४८ योग, म्हणजे ठरावीक मिश्रणं, विम्यात बसतात.

प्रश्न: आईच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. शाकुयाकु-कान्झो-तो रोज तीनदा घेते, शिवाय ज्येष्ठमधाचा काढाही. चालेल ना?

नाही, काढा आजच थांबवा. कान्झो म्हणजे ज्येष्ठमधच, आणि या योगाच्या दिवसभराच्या पूर्ण मात्रेत ते ६ ग्रॅम असतं. सर्दीसाठीच्या काक्कोन-तोमध्ये २ ग्रॅम, योकु-कान-सान या आणखी एका योगात १.५. दोन योग एकत्र घेतले की बेरीज वाढत जाते.

ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनपासून शरीरात बनणारा पदार्थ मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडवतो. मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक अल्डोस्टेरॉन या मीठ राखणाऱ्या संप्रेरकासारखं वागू लागतं: मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. पाय सुजतात, रक्तदाब चढतो, हातापायांतला जोर जातो. फसगत होते ती इथे: पोटॅशियम उतरलं तरी गोळे येतात, आणि माणूस आणखी एक पुडी घेतो.

लघवी होण्याची गोळी चालू असेल तर धोका जास्त. आईंचं रक्तातलं पोटॅशियम आणि रक्तदाब या आठवड्यातच तपासून घ्या. तीन पुड्या रोज हव्यातच का, की गोळा आला तेव्हा एक पुरेल, हेही डॉक्टरांना विचारा. पुष्कळांना तेवढंच पुरतं.

प्रश्न: मला रक्तदाब आहे. सर्दीत काक्कोन-तो घेऊ का?

विचारल्याशिवाय नको. त्यात दिवसाला सुमारे ३ ग्रॅम माओ ही वनस्पती असते, आणि तिच्यात एफेड्रिन हे उत्तेजक द्रव्य असतं. धडधड, निद्रानाश, प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडणं, हे सगळं त्यातूनच. सर्दीच्या काही तयार गोळ्यांत तशाच जातीचं मिथिलएफेड्रिन असतं, त्याची वर भर पडते. ज्यांना चालतं त्यांनी थंडी वाजू लागताच, घाम सुटण्यापूर्वी, जेवणाआधी कोमट पाण्यातून घ्यावं. घाम येत असेल तर उपयोग नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंनी दूरच राहावं.

प्रश्न: वनस्पतीच आहेत, अपाय कसला?

शो-साइको-तो या योगाचंच उदाहरण पाहा. यकृताच्या विकारांत ते सर्रास दिलं जाई. फुप्फुसाला गंभीर सूज आल्याचे आणि मृत्यूचे प्रकार समोर आल्यावर १९९६ मध्ये सरकारला तातडीचा इशारा द्यावा लागला. इंटरफेरॉन या यकृताच्या विकारांत दिल्या जाणाऱ्या औषधाबरोबर ते देण्यास मनाई आहे. कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला तर पुढची पुडी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.