जीआयएफ बनवायला कोणतं ॲप चांगलं? माझी जीआयएफ दर फेरीला अडखळते

ॲपला दोष देऊ नका, तुमची मोजणी चुकलीय.

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्यातली एकच उदाहरणाला घ्या. पाती तीन, सारखी. म्हणजे पूर्ण फेरा काढायची गरजच नाही, 120 अंशांत चित्र पुन्हा पहिल्यासारखं होतं. 24 फ्रेम, दर फ्रेमला 5 अंश. पहिली फ्रेम 0 वर, शेवटची 115 वर. लोक 120 ची फ्रेमही जोडतात. ती पहिलीचीच नक्कल, त्यामुळे तेच चित्र लागोपाठ दोनदा येतं आणि पातं थबकतं. तुमचं अडखळणं बहुधा हेच. ती फ्रेम उडवा.

पातं एकच काढा, बाकीची दोन त्याच्या नकला. तिन्ही हातानं काढलीत तर सांध्यावर, म्हणजे शेवटच्या फ्रेमनंतर पहिली येते तिथे, एकाचं दुसरं झालेलं दिसतं. फिरवताना केंद्र पाती जुळतात त्या बिंदूवरच हवं, नाहीतर चक्की डुलते. आणि दर वेळी मूळ चित्रच फिरवा. फिरवलेलं परत फिरवत गेलात तर विसाव्या फ्रेमपर्यंत कडा पार पुसट होतात.

फ्रेमची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात, तीही पूर्णांकात. 5 ठेवा: लूप 1.2 सेकंदांचा, पूर्ण फेरा 3.6 सेकंदांचा. वेग हवा म्हणून 1 ठेवलात तर ब्राउझर त्याचे 10 करतात, चक्की उलट रेंगाळते.

गवत त्याच 24 फ्रेममध्ये एकदा डुलून जागेवर यायला हवं. ढग स्थिर ठेवा, 1.2 सेकंदांत ढग पळवणं हास्यास्पद दिसतं. आकाशाच्या छटा जीआयएफच्या 256 रंगांत बसवताना डिदरिंग लागतं, म्हणजे मधली छटा भासवायला वेगळ्या रंगांचे ठिपके मिसळणं. त्याची फ्लॉइड-स्टाइनबर्ग ही पद्धत वापरलीत तर ठिपके दर फ्रेमला जागा बदलतात, आकाशभर मुंग्या, आणि फाइलही फुगते. गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'पोझिशन्ड' निवडा, ठिपके जागचे हलत नाहीत. (गिम्प फुकट आहे. तिथे दर लेअर म्हणजे एक फ्रेम; तिची वेळ द्यायला लेअरच्या नावात कंसात 50ms एवढं देवनागरीत नाही, रोमनमध्येच लिहावं लागतं.)

"पुढे-मागे चालवा, आपोआप जुळतं," असं सांगणारे इथे पैशाला पासरी आहेत. झोपाळ्याला चालेल. पवनचक्की दर सव्वा सेकंदाला उलटी फिरताना कुणी पाहिलीय? हेच लोक वर म्हणतात, जीआयएफ ही काही कला नाही. सांधा कुठे आहे ते दाखवा म्हणावं आधी.

मोबाइलवर? फ्रेम मोजता येणारं कुठलंही ॲप चालेल. आणि हो, व्हॉट्सॲपवरच टाकायची असेल तर डिदरिंगची कटकट सोडा, तिथे जीआयएफचा व्हिडिओ होतो. 115 ची फ्रेम मात्र तिथेही शेवटचीच.