काचकामाच्या टॉर्चसाठी कोणता गॅस घ्यावा?

तुम्ही धुळ्याहून विचारले आहे की, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टॉर्चवर, म्हणजे काच वितळवणाऱ्या गॅसच्या ज्योतीवर, आधी साध्या काचेचे मणी आणि हात बसल्यावर बोरोसिलिकेटच्या (प्रयोगशाळेतल्या उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) नळ्यांचे काम करायचे आहे. वेल्डिंगवाल्यांकडे अ‍ॅसिटिलीन सहज मिळते आणि त्याची ज्योत सर्वांत तापते, मग तेच का घेऊ नये? मी जळगावात बरीच वर्षे महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील काचसामान दुरुस्त करतो. फुटलेले कंडेन्सर, तुटलेल्या ब्युरेट, तडकलेले फ्लास्क हे माझे रोजचे काम आहे. त्यावरून सांगतो, एलपीजी घ्या आणि जोडीला ऑक्सिजन घ्या. काचेसाठी अ‍ॅसिटिलीनच्या वाटेला जाऊ नका.

ऑक्सिजनबरोबर जळताना अ‍ॅसिटिलीनची ज्योत सुमारे ३,१०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते आणि एलपीजीतल्या प्रोपेन वायूची सुमारे २,८०० अंशांपर्यंत, हे खरे आहे. परंतु साधी सोडा-लाइम काच ७०० अंशांच्या आसपास मऊ पडते, बोरोसिलिकेट ८२० अंशांच्या आसपास, आणि बोरोसिलिकेट मनासारखी फुंकता यावी म्हणून साधारण १,२५० अंश लागतात. म्हणजे एलपीजीची ज्योतही गरजेच्या दुप्पट तापते. प्रश्न उरतो तो उष्णता किती जागेवर पसरते याचा. अ‍ॅसिटिलीनची उष्णता ज्योतीतल्या आतल्या सुळक्याच्या टोकाशी एकवटलेली असते. लोखंडाला ते मानवते, कारण लोखंड उष्णता झटकन पुढे नेते. काच ती फार हळू नेते, त्यामुळे टोकाखाली पृष्ठभाग उकळून बुडबुडे येतात आणि बोटभर अंतरावर नळी अजून ताठच असते. एलपीजीच्या ज्योतीत उष्णतेचा मोठा वाटा बाहेरच्या रुंद पिसाऱ्यात असतो आणि काचेला नेमके तेच हवे असते.

दुसरा दोष काजळीचा. सुरुवातीच्या काळात माझा एलपीजी संपला असताना एका गॅरेजमधून अ‍ॅसिटिलीनचा संच आणून मी एका कंडेन्सरच्या आतल्या नळीचा सांधा केला होता. सांधा दिसायला बरा झाला, पण उजेडासमोर धरल्यावर त्याच्या कडेने धुरकट राखाडी कडे दिसले. ती काजळी काचेतच वितळून बसली होती आणि कशानेही निघाली नाही. संध्याकाळी नळी त्याच कड्यावर तडकली. रंगीत मण्यांत तर ही काजळी आणि ज्योतीतला जादा कार्बन रंग पार मळवून टाकतो.

आता एलपीजीचे व्यवहार. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्यासाठी वापरणे बेकायदेशीर आहे, म्हणून मणी विकणार असाल तर १९ किलोची व्यावसायिक टाकीच घ्या. शेगडीचा रेग्युलेटर अगदी कमी आणि ठरावीक दाब देतो, त्यावर टॉर्च नीट चालत नाही; दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर लागतो. वेल्डिंगची जुनी अ‍ॅसिटिलीनची रबरी नळी एलपीजीला जोडू नका, कारण एलपीजीने असे रबर आतून खराब होऊ शकते. एलपीजीसाठीच बनवलेली नळी मागून घ्या.

आपल्याकडच्या हिवाळ्याची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तर ब्यूटेन शून्याच्या जेमतेम खाली. टाकी वापरताना प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाला ब्यूटेन जास्त उरतो. जानेवारीत खान्देशात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा अर्ध्याहून रिकाम्या टाकीवर मोठी ज्योत चालवली की काही मिनिटांत ती मंदावते. अशा वेळी टाकीवर हात फिरवून पाहा: वरचा भाग कोरडा लागतो आणि खाली, द्रव असेल तिथपर्यंत, गारठलेला ओलसर पट्टा लागतो. टाकीला गरम पाणी किंवा ज्योत कधीही लावू नका. दोन टाक्या एकत्र जोडा किंवा मोठी ज्योत भरलेल्या टाकीवर चालवा. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. पत्र्याखाली टाकी तापून दाब वाढतो, म्हणून ती शेडबाहेर, सावलीत आणि उभीच ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळाला की जमिनीलगत साचतो. शेडमध्ये खड्डा किंवा उघडे गटार असेल तर ते आधी बुजवा आणि हवा खालूनही खेळती ठेवा.

पैसे मात्र ऑक्सिजनलाच जास्त लागतील, याची तयारी ठेवा. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. या हिशेबाने १९ किलोच्या टाकीला ७ घनमीटरचे सात सिलिंडर लागतील. काही ऑक्सिजन ज्योत भोवतालच्या हवेतून घेते, त्यामुळे प्रत्यक्षात कमी लागतात. नुसत्या मण्यांसाठी लहान टॉर्च असेल, तर मिनिटाला ५ लिटर देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे विजेचे यंत्र) पुरतो. फक्त वीज गेली की त्याच क्षणी ज्योत पिवळी पडून काजळी धरू लागते, तेव्हा मणी बाजूला घेऊन आधी गॅस बंद करायची सवय लावा. ऑक्सिजनच्या जोडाला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये.

नैसर्गिक गॅस काचेला उत्तम मानवतो. ताजमहालाच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिलेल्या निकालानंतर फिरोजाबादच्या काचउद्योगाला कोळसा सोडून त्याकडे वळावे लागले. तुमच्या गल्लीत पाइपलाइन आली असेल तर जरूर विचार करा, मात्र घरगुती जोडणीचा दाब फार कमी असतो. हायड्रोजन क्वार्ट्‌झच्या (फार जास्त तापमानाला मऊ पडणाऱ्या काचेच्या) कामासाठी ठेवा. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, नवख्याने त्याला हात लावू नये.

टॉर्च विकत घेताना दुकानदाराला एकच विचारा: दोन्ही वायू टॉर्चच्या तोंडाच्या आत मिसळतात की बाहेर? नवशिक्याने बाहेर मिसळणारी घ्यावी, कारण तिच्यात ज्योत उलट आत शिरण्याचा धोका जवळजवळ नसतो आणि ती मऊ चालते. तरीही दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (उलट शिरणारी ज्योत अडवणारे साधन) बसवा, प्रत्येक जोड साबणाच्या फेसाने तपासा, आणि डोळ्यांसाठी डिडिमियमचा चष्मा पहिल्याच दिवशी घ्या. तापलेल्या काचेतील सोडियमचा पिवळा झगमगाट तो गाळून टाकतो आणि काच नेमकी कुठे मऊ पडली आहे ते स्वच्छ दिसते.