इंग्लंडमधल्या छोट्या रग्बी लीग क्लबचा मालक नेमका कोण असतो? त्याला त्यातून पैसे सुटतात का?

पैसे सुटत नाहीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. तुम्ही पुढे असंही विचारलंय, 'आयपीएलसारखी दहा वर्षांत क्लबची किंमत वाढत असेल ना?' नाही वाढत. सुपर लीग ही सगळ्यात वरची श्रेणी; तिच्या खाली उतरलात की बहुतेक खेळाडू आठवडाभर वायरमन, प्लंबर, शाळामास्तर असतात. कामावरून सुटून संध्याकाळी सराव, रविवारी दुपारी सामना. सामन्यामागे ठरलेले पैसे, जिंकलं तर थोडे वर. तेवढे द्यायचीही मारामार असते. 1895 साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात हा खेळ मूळ रग्बीपासून वेगळा झाला तोच मुळी कामगार खेळाडूंचा बुडालेला रोज भरून द्यावा की नाही, या भांडणातून. द्यावा हे ठरलं. आणायचा कुठून, हे अजून ठरतंय.

पहिला प्रश्न मात्र मला झोंबला, म्हणून लिहायला बसलो. कागदावर बहुतेक क्लब म्हणजे लिमिटेड कंपनी, काही ठिकाणी समर्थकांची संस्था. पण शेअर कोणाच्या नावावर आहेत यावरून फारसं कळत नाही. विचारायचं ते हे: मैदान आणि क्लबहाउस कोणाचं? आणि मालकाने घातलेला पैसा भागभांडवल म्हणून आलाय की कर्ज म्हणून?

मी लँकाशरमधल्या एका जुन्या गिरणगावात राहतो. तिथल्या क्लबचं नाव लिहीत नाही, माणसं अजून तिथेच आहेत. पेशाने अकाउंटंट असल्यामुळे ओळखीतून त्यांच्या हिशेबाला मदत करायला लागलो, फुकटात. सामना संपला की बारच्या मागच्या खोलीत टेबलावर सगळं ओतायचं: गेटची रोकड, कार्यक्रमपत्रिकेचे सुटे पैसे, फिफ्टी-फिफ्टी सोडतीची डबी (जमलेल्यातली निम्मी रक्कम नंबर लागेल त्याला, निम्मी क्लबला). नोटा बिअरने ओल्या असायच्या, त्या रेडिएटरवर पसरून मग मोजायच्या. गेटच्या पैशातून रेफ्री, रुग्णवाहिका आणि परगावच्या सामन्याला जायची बस निघाली तरी नशीब समजायचं. फायदा होता तो फक्त बारात. शनिवारी लग्नाचा हॉल, बुधवारी म्हाताऱ्यांचा बिंगो, शुक्रवारी कोणाचा तरी पन्नासावा वाढदिवस. क्लबहाउस स्वतःचं होतं म्हणून हे पैसे आमचे. भाड्याच्या स्टेडियमवर खेळणाऱ्या क्लबच्या हाती बारातलं बहुतेक वेळा काहीच लागत नाही, ते घरमालकाकडे जातं.

तर या क्लबात समर्थकांच्या संस्थेकडे बहुमत होतं. एक सभासद, एक मत. मग एक छपरांची कामं घेणारा बडा कंत्राटदार आला. सभा त्याच हॉलमध्ये भरली, मागे बिंगोचा फलक तसाच. पूर्णवेळ संघ उभा करतो म्हणाला, ऑस्ट्रेलियातून खेळाडू आणतो, पाच वर्षांत सुपर लीग. टाळ्या पडल्या. मी उभा राहून विचारलं की पैसे शेअर म्हणून घालणार की कर्ज म्हणून. तो हसला. ‘पैसा तो पैसा, मित्रा.’ सेक्रेटरी जुना प्रॉप (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू), डोकं थेट खांद्यावर बसलेला माणूस, त्याने मला हातानेच बस म्हणून सांगितलं. नंतर बारात म्हणाला, ‘येणाऱ्या लक्ष्मीला पावती कशाला मागतोस?’ (त्याचे शब्द वेगळे आणि छापण्याजोगे नव्हते, आशय हाच.) मतदान झालं आणि बहुमत कंत्राटदाराकडे गेलं.

पैसे आले, हे खरंच. दोन हंगाम मजा होती. पगार वाढले, गर्दी वाढली, पण पगाराइतकी नाही. हिशेबात मात्र दर महिन्याला एकच ओळ लांबत होती: संचालकाकडून कर्ज. त्याला तारण काय, तर क्लबहाउस. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. मग त्याचा धंदा बसला, हप्ता थांबला, खेळाडू आठवड्याभरात दुसरीकडे गेले. तो क्लब सोडून गेला, कर्ज राहिलं. क्लबहाउस त्याच्या नावावर गेलं आणि तिथे आता फ्लॅट आहेत. क्लब जिवंत आहे, कौन्सिलच्या (नगरपालिकेच्या) ॲथलेटिक्स ट्रॅकच्या मैदानावर खेळतो, चहा व्हॅनमधून विकतो.

माझे साडू सांगली जिल्ह्यात असतात, ऊस लावतात. त्यांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे मालक कच्चा निघाला. पक्का बघायचा होता.’ बारभाईंच्या कारभारापेक्षा एक मालक बरा, हे त्यांचं ठाम मत. त्यांच्या भागातला सहकारी कारखाना खाजगीकडे गेला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. आमचा हा वाद गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला होतो, तेव्हा एकदाचं इथेच लिहून टाकतो.

पक्का मालक? टोरंटो वुल्फपॅक घ्या, कॅनडातला पण इंग्लंडच्या लीगमध्ये खेळलेला क्लब. 2017 साली तळातून सुरुवात, 2019 मध्ये चॅम्पियनशिप (दुसरी श्रेणी) जिंकून सुपर लीगमध्ये, न्यूझीलंडच्या सनी बिल विल्यम्ससारखा तारा करारबद्ध. बहुतेक खर्च एका धनाढ्याच्या, डेव्हिड आर्गाइलच्या, खिशातून. 2020 साली कोविड आला, जुलैत संघाने अर्ध्या हंगामातून अंग काढून घेतलं, खेळाडू बिनपगारी. ब्रॅडफर्ड बुल्सनी तर 1997 ते 2005 मध्ये चार वेळा सुपर लीग जिंकली. 2012 च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या ऑड्सल मैदानाचा भाडेपट्टा खेळाच्या नियामक संस्थेला विकला, मग समर्थकांकडून पाच लाख पाउंड गोळा केले, तरी त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेले. 2014 मध्ये पुन्हा. जानेवारी 2017 मध्ये कंपनीच गुंडाळली आणि नव्या कंपनीने शिक्षा म्हणून उणे बारा गुणांनी हंगाम सुरू केला. ब्रॅडफर्डकरांनी खिसे रिकामे केले होते, पण त्या पैशाबरोबर मताचा हक्क आला नव्हता. साडूंना हा फरक कधीच पटत नाही.

आता इंग्लंडमधलंच रॉचडेल. अहो, सहकाराचं जगातलं माहेरघर! 1844 साली टोड लेनवर अठ्ठावीस जणांनी किराण्याचं दुकान काढलं, एक माणूस एक मत या नियमावर. आमच्याकडच्या सोसायट्या, साखर कारखानेही याच नियमावर उभे. त्याच गावचा क्लब रॉचडेल हॉर्नेट्स. 1988 साली त्यांनी आपलं ॲथलेटिक ग्राउंड्स विकलं, तिथे सुपरमार्केट झालं, तेव्हापासून गावच्या फुटबॉल क्लबाबरोबर स्पॉटलंडच्या मैदानावर खेळतात. 2008-09 च्या सुमारास बुडायला आले तेव्हा समर्थकांनी सहकारी संस्था काढून क्लब ताब्यात घेतला. साडूंच्या हिशेबाने हा क्लब वर्षात मरायला हवा होता. 2016 साली याच अर्धवेळ पोरांनी फ्रान्समधल्या टुलूझला जाऊन, टुलूझच्याच मैदानावर, लीग वनची (तिसऱ्या श्रेणीची) अंतिम लढत 24-22 अशी जिंकली. कसला मालक नि कसलं काय!

आता साडू वाचतील म्हणून हेही लिहितो, नाहीतर म्हणतील अर्धंच सांगितलं. पुढे हॉर्नेट्सच्या सभासदांनीच मत देऊन खाजगी गुंतवणूकदारांना वाट करून दिली. सहकारात पैसा उभा राहायला वेळ लागतो, आणि वरून येणारा झरा आटला की वेळ नसतो. 2022 पासूनचा टीव्हीचा करार आधीपेक्षा बराच कमी रकमेचा झाला, त्याची झळ खालच्या क्लबांना जास्त बसली. त्यात 2025 च्या हंगामापासून सुपर लीगमध्ये जायचं की नाही हे मुख्यतः वीस गुणांच्या प्रतवारीवर ठरू लागलं आणि त्यातले साडेचार गुण आर्थिक स्थितीला. मैदानावरची कामगिरी वीसपैकी पाचच. म्हणजे श्रीमंत मालक नसलेल्या क्लबाने सगळे सामने जिंकले तरी दार उघडेलच असं नाही. शिवाय सगळेच मालक आमच्या कंत्राटदारासारखे नसतात. वर्षानुवर्षं खिशातून भरून, वर ते कर्ज माफ करून गेलेली माणसंही या खेळात आहेत. असा मालक मिळाला तर पाय धरा. पण तो तसा आहे हे टाळ्या वाजवण्याआधी कसं ओळखायचं, ते साडूंनी मला आजवर सांगितलेलं नाही.

तुम्हाला शेअरच घ्यायचे असतील तर परताव्याचा विचार सोडून घ्या, किंवा सरळ सीझन तिकीट घ्या, निदान सामने बघायला मिळतील. त्याआधी कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचं नाव टाका, सगळं फुकट दिसतं. ताळेबंदात एक वर्षानंतर देय असलेली रक्कम बघा, मालकाचं कर्ज बहुधा तिथे बसलेलं असतं. मग तारणांची यादी उघडा. तिथे मालकाचं किंवा त्याच्याच दुसऱ्या कंपनीचं नाव दिसलं, तर मालक कोण ते कळलं. करखात्याने क्लबाविरुद्ध कंपनी बंद करायचा अर्ज केलाय का, हेही स्थानिक बातम्यांत शोधा, कारण पैसे संपले की पहिला थकतो तो खेळाडूंच्या पगारातून कापलेला कर.